बिनलेबलची बाटली आणि आपली होडी



३१ जुलैला बंदी संपते. जाळी विणून झाली, इंजिनं दुरुस्त होऊन आली, बर्फवाल्याला अ‍ॅडव्हान्स गेला. खलाशी गावाहून निघालेत, काहीजण पोचलेसुद्धा. अशा वेळी मी डिझेलच्या सबसिडीबद्दल लिहीन अशी सगळ्यांची अपेक्षा असणार. ते पुढच्या आठवड्यात लिहितो. आज दुसराच विषय आहे, आणि तो बोटी पाण्यात जायच्या आधी बोलून घेतलेला बरा.

या बंदीच्या दिवसांत तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला. एकाने ती वस्तू शॅकवर बघितली होती. एकाच्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ बघितला होता. एकाच्या होडीत तर मे महिन्यात डॉल्फिन बघायला आलेल्या पोरांनी बाटलीच आणली होती. साधी काचेची बाटली, आत हिरवट दारू, लेबल नाही. प्रश्न असा, की "सेक्रेटरी, ही गांजा घातलेली दारू म्हणजे भांगच ना? मग कायद्यात चालते ना?"

नाही चालत. आणि होडीवर तर अजिबात नाही, कारण पकडली गेली तर पिणाऱ्याची फक्त बाटली जाते, तुमची होडी जाऊ शकते. हे कसं, ते नीट सांगतो.

आधी वस्तू काय आहे ती समजून घेऊया. झाड एकच. त्याची पानं वाटली की भांग, फुलोऱ्याचे शेंडे सुकवले की गांजा, आणि त्याची राळ काढली की चरस. नशा आणणारं द्रव्य तिन्हीत तेच, त्याला टीएचसी म्हणतात. भांगेत ते कमी, गांजात जास्त, चरसात त्याहून जास्त. हे द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, ते स्निग्ध पदार्थात विरघळतं किंवा दारूत. म्हणून होळीला उत्तरेकडची माणसं भांग दुधाबदामात घोटतात. आणि म्हणूनच दारूत गांजा मुरत ठेवला की टीएचसी दारूत उतरतं. परदेशात याला ‘ग्रीन ड्रॅगन’ म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर कोणी व्होडकात मुरवतो, कोणी चांगल्या फेणीची वाट लावतो.

बाजारात ‘हेम्प’ लिहिलेली काही पाकिटं, तेलाच्या बाटल्या दिसतात, त्यावरून घोटाळा करून घेऊ नका. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा खात्याने, म्हणजे एफएसएसएआयने, या झाडाचं बी, बियांचं तेल आणि पीठ खायला मान्यता दिली. बियांनी नशा चढत नाही. त्या मान्यतेचा आणि त्या हिरव्या बाटलीचा काही संबंध नाही. कोणी दुकानदार तसं सांगत असेल तर तो फसवतोय.

आता अंगावर काय होतं ते. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण "मला सवय आहे" म्हणणारेच यात आधी बुडतात.

दारू पोटात गेली की दहा-पंधरा मिनिटांत कळते, तासाभरात पुरती चढते. गांजा ओढला तरी काही मिनिटांत कळतो. पण तोच गांजा पोटातून गेला तर वेळ लागतो. अर्धा तास, कधी दोन तास. चढत चढत दोन ते चार तासांनी तो टोकाला जातो, आणि सहा-आठ तास राहतो, कोणाकोणाला दुसऱ्या दिवशीपर्यंत. शिवाय लिव्हरमध्ये टीएचसीचं रूप बदलतं आणि ते रूप मेंदूवर जास्त जोरात लागतं. त्यामुळे वर्षानुवर्षं चिलीम ओढणाऱ्यालाही प्यायलेल्या गांजाचा अंदाज येत नाही.

समजा, तांडेलाने रात्री आठला एक पेग घेतला. साडेआठला त्याला फक्त दारू लागलीय, गांजा अजून आलेलाच नाही. "ह्यात काय दम नाही" म्हणून दुसरा घेतो, मग तिसरा. दहाला सगळं एकदम येतं, तीन पेगांची दारू आणि तीन पेगांचा गांजा. आणि पहाटे तीनला जाळं ओढायचं असतं तेव्हाही तो त्यातून बाहेर आलेला नसतो. दारू उतरलीय असं त्याला वाटतं, चालायलाही बरा चालतो, पण विंचच्या दोराला हात लावायच्या लायकीचा नसतो.

दोन्हींची बेरीज साधी होत नाही. संशोधकांनी माणसांचं रक्त तपासून बघितलंय, की आधी दारू घेतलेली असली तर ओढलेल्या गांजाचं टीएचसी रक्तात जास्त चढतं. गाडी चालवण्याच्या चाचण्यांतही दोन्ही घेतलेला माणूस एकच घेतलेल्यापेक्षा वाईट चालवतो. नुसत्या दारूत माणूस बेफिकीर होतो, नुसत्या गांजात मंद होतो. दोन्हींत तो बेफिकीर आणि मंद होतो. असा माणूस सुकाणूवर चालेल का तुम्हाला?

उलटीचं एक सांगायला हवं. दारू जास्त झाली की शरीर उलटी करून ती बाहेर टाकतं. देवाने दिलेली ती सोय आहे. टीएचसीचा एक गुण म्हणजे ते मळमळ दाबतं. कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांवर काही देशांत डॉक्टर ते त्यासाठीच देतात. म्हणजे विष आत आहे आणि बाहेर पडायचा दरवाजा दाबून धरलाय. कोणाला उलट होतं, घाम फुटतो, अंग पांढरं पडतं, गरगरतं, उलट्यांवर उलट्या होतात. उताणा झोपलेला असला तर ती उलटी श्वासनळीत जाते. दोन्ही प्रकार वाईटच.

जमिनीवर हे झालं तर माणूस भिंतीला टेकून बसतो, कोणीतरी उचलून घरी नेतो. समुद्रात भिंत नाही. टीएचसीने छातीत धडधडतं आणि उठून उभं राहिलं की रक्तदाब एकदम खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. आता रात्रीचा खलाशी डोळ्यांपुढे आणा. झोपेतून उठतो, लघवीला होडीच्या काठाला जाऊन उभा राहतो. एका हाताने धरलेलं असतं किंवा तेही नसतं. लाइफ जॅकेट केबिनच्या टपावर बांधलेलं, कारण "काम करताना अडचण होते". अंधारी आली, लाटेने होडी एका अंगाला गेली, आणि गेला. इंजिनच्या आवाजात कोणाला कळतही नाही. सकाळी डोकी मोजली की कळतं. असं जाणं आपल्या धंद्यात नवीन नाही, हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही.

वेळेचं भानही जातं. किती मिनिटं झाली याचा अंदाज चुकतो. मुरगावला जाणाऱ्या जहाजांच्या वाटेत रात्री नजर ठेवणाऱ्याचं भान सुटलं, किंवा ओहोटीला नदीच्या मुखावरची वाळू ओलांडताना लाट मोजण्यात चूक झाली, तर पुढे काय होतं ते तांडेलांनीच सांगावं.

आता कायदा. मी काही वकील नाही, बारावी शिकलेला माणूस. पण सोसायटीचे कागद सांभाळता सांभाळता कलमं वाचायची सवय झाली, आणि जिथे अडलं तिथे वकिलांना विचारलं.

अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, १९८५ चा. त्यात गांजा आणि चरस येतात. नुसती पानं आणि बिया, शेंड्यांशिवाय असतील तर, त्या व्याख्येतून सोडलेल्या आहेत. म्हणून भांग या कायद्याबाहेर राहते आणि तिचे नियम ज्या त्या राज्याचे असतात, काही राज्यांत तर भांगेची परवाना असलेली दुकानं आहेत. इथपर्यंत लोकांना अर्धवट माहीत असतं. पुढचं वाचलेलं नसतं. त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिलंय, की गांजा किंवा चरस यांचं कुठलंही मिश्रण आणि त्यापासून केलेलं कुठलंही पेय, हेसुद्धा त्यात धरायचं. म्हणजे गांजा दारूत घातला म्हणून त्याचं ‘ड्रिंक’ होत नाही, कायद्याला तो गांजाच. बाटलीत नुसती पानंच आहेत असं कोणी म्हणालं तर ते ठरवणार लॅबोरेटरी, आणि तोपर्यंत तुम्ही कुठे असाल ते तुम्हीच समजा. शिवाय दारू बनवायला आणि विकायला अबकारी खात्याचा परवाना लागतो, तो या बाटलीला नसतोच.

शिक्षा वजनावर आहे. गांजा एक किलोपर्यंत आणि चरस शंभर ग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’, त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच्यावर गेलं की दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग खटल्यात निकाल दिला, की मिश्रण असेल तर नुसत्या अमली पदार्थाचं नाही, भेसळीसकट सगळ्याचं वजन धरायचं. आता बाटलीचा हिशेब करा. पाऊण लिटरच्या बाटलीतली दारू सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. सगळं वजन धरलं तर गांजाच्या अशा दोन बाटल्या एक किलोच्या वर, आणि चरसाची एकच बाटली शंभर ग्रॅमच्या कितीतरी वर. हिशेब असा लागू शकतो हे वकिलांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. चिमूटभर माल आणि दहा वर्षांचं कलम.

"मी कुठे पितो, पर्यटक पितात," हे उत्तर मालकांकडून हमखास येतं. कलम २५ वाचा. आपली जागा किंवा वाहन अशा गुन्ह्यासाठी वापरायला जाणूनबुजून देणाऱ्याला गुन्हा करणाऱ्याइतकीच शिक्षा. वाहन म्हणजे काय तेही कायद्याने सांगितलंय, त्यात जलवाहन आहे. होडी, ट्रॉलर, सगळं. आणि कलम ६० तर प्रत्येक मालकाने छापून केबिनमध्ये लावावं असं आहे. माल नेण्यासाठी वापरलेलं वाहन जप्त होऊ शकतं. सोडवायचं असेल तर मालकाने सिद्ध करायचं, की हे आपल्याला माहीत नव्हतं, आपल्या माणसाला माहीत नव्हतं, आणि वाहन ज्याच्या ताब्यात होतं त्यालाही माहीत नव्हतं. एवढ्याने भागत नाही. तिघांनीही ते होऊ नये म्हणून शक्य ती सगळी काळजी घेतली होती, हेही सिद्ध करायचं.

म्हणजे तुम्ही घरी झोपला होता, तांडेलाला बाटली दिसली होती आणि तो गप्प राहिला, तर तुमचं "मला माहीत नव्हतं" अर्धं तिथेच गळून पडलं. कर्ज बँकेचं, हप्ता तुमचा, आणि होडी पोलिसांच्या ताब्यात धक्क्यावर सडतेय. सीझन सप्टेंबरचा असो की जानेवारीचा, खटला काही सीझन बघून चालत नाही.

विम्याचंही बघा. मत्स्यसंपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला अडीच लाख, हॉस्पिटलसाठी पंचवीस हजार अशी तरतूद आहे. अपघात विम्याच्या पॉलिसींत नशेत झालेल्या अपघाताला भरपाई नाही ही अट नेहमीची असते. आपापल्या पॉलिसीचा कागद काढून बघा. गेलेला माणूस जातोच, मागे राहिलेली बायको ऑफिसात येऊन बसते, आणि तिला "रिपोर्टमध्ये अमुक निघालं" हे सांगायची वेळ येते ती माझ्यासारख्यावर.

आता लोक काय म्हणतात त्याकडे येतो. पहिलं, "परदेशात तर सगळं खुलं आहे." मग परदेशाचंच बघूया. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला, दुसऱ्या वर्षी गांजाची पेयंही. पण त्या पेयांत दारू घालायला मनाई आहे, आणि एका पाकिटात टीएचसी १० मिलीग्रॅमच्या वर चालत नाही. कॅलिफोर्नियात गांजाची ‘वाइन’, ‘बिअर’ विकतात, तिच्यातली दारू आधी काढून टाकलेली असते. ज्यांनी दोन्ही वस्तू खुल्या केल्या त्यांनीसुद्धा एका बाटलीत दोन्ही येऊ दिल्या नाहीत. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या गोऱ्या पोरांना हे माहीत असतं की नाही कोण जाणे. इथे आलं की सगळं चालतं असा त्यांचा समज आहे, आणि तो करून द्यायला आपलीही काही माणसं हातभार लावतात.

दुसरं, "भांग हा शंकराचा प्रसाद." असेल. देवळात बसून घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण प्रसादात कोणी व्होडका ओतत नाही.

तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्या घरातलं आहे. "आमचा बाप फेणी पिऊन पन्नास वर्षं रापण ओढत होता." खरं आहे. मीसुद्धा काही सोवळा नाही, काजूच्या दिवसांत लिमका आणि मिरची घालून उर्राक मलाही आवडतो. फेणीला २००९ मध्ये जीआय मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला वारशाचा मान दिला, त्याचा मला अभिमान आहे. पण बापाला आपली दारू माहीत होती. उर्राक एका धारेचा, फेणी पुढच्या धारेची. कुठल्या भाटीची, किती कडक, हे एक घोट घेऊन, हातावर चोळून वास घेऊन तो सांगायचा. किती घेतली की पुरे हे त्याला कळायचं, आणि रापण किनाऱ्यावरून ओढायची असते, पडला तर वाळूत पडायचा. या हिरव्या बाटलीला माप नाही. कोणी किती गांजा घातला, कसला घातला, किती दिवस ठेवला, ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. पहिला पेग हलका, तळाचा भारी. चवीवरून काही कळत नाही. बापाचं शहाणपण इथे उपयोगी पडत नाही.

मालक मंडळींना आता जरा कडू लागेल. खलाशी नशा का करतो? पाच-सहा दिवस पाण्यात, झोप तुकड्यातुकड्यांची, हात जाळ्याने कापलेले, खारं पाणी त्यात झोंबतंय, घर ओडिशात किंवा झारखंडात. त्यात काही मालकांचा रिवाज असा, की जास्त काम करून घ्यायचं असलं की वर एक क्वार्टर द्यायची. रोख द्यायला हात आखडतो, क्वार्टर मात्र हसत देतात. मग खलाशाने आणखी कुठून काही मिळवलं की "आजकालची माणसं बिघडली". बिघडली कशी? क्वार्टरऐवजी तेवढेच पैसे हातात द्या, बोटीवर गरम जेवण आणि रात्री दोनदा चहा द्या, पाळ्या लावून झोप द्या. निम्मी नशा तिथेच कमी होईल असं माझं मत आहे. पटत नसेल तर सभेत बोला, मी ऐकायला तयार आहे.

कोणी घेतलीच आणि बिघडलं, तर घाबरून लपवू नका. त्याला एकटं सोडू नका. कुशीवर वळवून ठेवा, उताणं नाही. बोटं घालून उलटी करवू नका, कॉफी पाजू नका, शुद्धीवर यावा म्हणून समुद्रात डुबकी तर मुळीच नको. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील, झटके येत असतील, तर ‘झोपून उठेल’ म्हणत बसू नका. किनाऱ्यावर असाल तर १०८. समुद्रात असाल तर व्हीएचएफ चॅनल १६, किंवा मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. डॉक्टरला खरं सांगा काय घेतलंय ते, दारू आणि गांजा दोन्ही. अर्धं लपवलं तर उपचार अर्धे होतात.

ज्याला सुटायचं आहे त्याला वाट आहे. बांबोळीला मनोरुग्णालयात उपचार होतात, केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवू नये, अशी तरतूद याच कायद्यात कलम ६४-अ मध्ये आहे. तेव्हा एखाद्या खलाशाला धरून हाकलून देण्याआधी एवढं त्याला सांगा.

आता सोसायटीने काय करायचं. कलम ६० मध्ये ‘काळजी घेतली होती’ हे दाखवायचं असेल तर ते तोंडी चालणार नाही, कागद लागेल. म्हणून येत्या सभेत मी ठराव मांडतोय. बिनलेबलची, सील फोडलेली कुठलीही बाटली होडीवर चढणार नाही, मग ती पर्यटकाची असो, खलाशाची असो की मालकाच्या भावोजींची. डॉल्फिन ट्रिपला माणसं घेताना पैसे घ्यायच्या आधीच हे सांगायचं, तसा फलक चढायच्या जागेवर लावायचा. कोणी ऐकत नसेल तर ती ट्रिप सोडायची. हजार-दोन हजार जातात हे मला कळतं, पण होडीची किंमत काढा आणि मग बोला. तांडेलाने प्रत्येक फेरीआधी नजर टाकून वहीत सही करायची. आणि त्याने बाटली उतरवली म्हणून मालकाने गिऱ्हाइकासमोर त्याचा अपमान करायचा नाही, हेही ठरावात लिहून घ्यायचंय, कारण तसं होतं.

फलक मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत तयार होतोय, कन्नडची सोयही झाली. ओडिया लिहिणारं कोणी ओळखीचं असेल तर ३१ तारखेच्या आत ऑफिसात कळवा. निम्म्याहून जास्त खलाशांना तोच वाचता येणार आहे.

आपला,
सचिव